जुनाट कंबरदुखीसाठी मणक्याची शस्त्रक्रिया

जुनाट कंबरदुखीसाठी मणक्याची शस्त्रक्रिया म्हणजे पाठीच्या कण्याच्या कमरेकडील भागातील दोषामुळे उद्भवणाऱ्या आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेवर केली जाणारी शल्यचिकित्सा होय. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हटले जाते. या शस्त्रक्रियांपैकी बहुतेक ऐच्छिक स्वरूपाच्या असतात. त्या न केल्यास जिवाला धोका नसतो. त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही आणि केव्हा करावी, हा निर्णय रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. मज्जातंतूवर दाब आल्याने पायात उतरणाऱ्या वेदनेवर शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. निश्चित कारण न सापडलेल्या, केवळ कमरेत राहणाऱ्या वेदनेवर मात्र तिचा लाभ अनिश्चित आहे.

जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. जगभरात अपंगत्वासह जगाव्या लागणाऱ्या वर्षांचे ते सर्वांत मोठे कारण आहे. यांतील फारच थोड्या रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज असते.

शरीररचना आणि वेदनेची कारणे

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिला बोलीभाषेत 'गादी' म्हणतात. चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे, तर आतील गर मऊ असतो. मणक्यांच्या मागील पोकळीतून मज्जारज्जू जातो. प्रौढ व्यक्तीत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो व त्याखाली मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारख्या आकारामुळे त्याला 'अश्वपुच्छ' म्हणतात.

शस्त्रक्रियेचा विचार करताना वेदनेचे पुढील प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक असते.

* सायटिका : चकतीचे कडे फाटून आतील गर बाहेर येतो व मज्जातंतूच्या मुळावर दाब किंवा दाह निर्माण करतो. कळ नितंबापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. यालाच सर्वसाधारणपणे 'स्लिप डिस्क' किंवा 'नस दबणे' म्हटले जाते.
* कण्याच्या पोकळीचे आकुंचन : वयोमानानुसार हाडे व अस्थिबंध जाड झाल्याने पोकळी अरुंद होते. चालताना पाय भरून येतात किंवा बधिर होतात. बसल्यावर अथवा पुढे वाकल्यावर आराम वाटतो.
* मणका सरकणे : एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकतो. याच्याबरोबर पोकळीचे आकुंचनही असू शकते.
* केवळ कमरेतील वेदना : मज्जातंतूवर दाब असल्याची खूण नसते. बहुतेक रुग्णांमध्ये वेदनेचा नेमका उगम एका विशिष्ट मणक्यात किंवा चकतीत असल्याचे सिद्ध करता येत नाही.

इतिहास

मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स व फ्रेड अल्बी या शल्यविशारदांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. तिचा मूळ उद्देश कंबरदुखी हा नसून मणक्याच्या क्षयरोगात कण्याला स्थैर्य देणे हा होता. १९३४ मध्ये बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी फाटलेल्या चकतीमुळे सायटिका होतो, हे शस्त्रक्रियेच्या निष्कर्षांवरून दाखवून दिले. त्यानंतर चकतीवरील शस्त्रक्रियांचा झपाट्याने प्रसार झाला. पुढे सूक्ष्मदर्शकाचा वापर, धातूचे स्क्रू व सळ्या आणि एमआरआय तपासणी यांमुळे शस्त्रक्रियांची व्याप्ती वाढली. १९८० च्या दशकात स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी कंबरदुखीकडे शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहण्याची भूमिका मांडली.

तातडीची परिस्थिती

काही लक्षणांमध्ये निर्णयासाठी थांबण्यास वाव नसतो. लघवी अडकणे किंवा तिची जाणीव न होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे आणि दोन्ही पायांतील शक्ती कमी होत जाणे ही अश्वपुच्छावरील दाबाची लक्षणे आहेत. अशा वेळी तातडीने तपासणी व शस्त्रक्रिया न झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. पाऊल उचलता न येणे किंवा पायातील कमजोरी वाढत जाणे यासाठीही लवकर तपासणी आवश्यक असते.

ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात यांच्यासह असलेली कंबरदुखी जंतुसंसर्ग, गाठ किंवा अस्थिभंग यांमुळे असू शकते. भारतात मणक्याच्या क्षयाची शक्यताही तपासावी लागते. त्याचा मुख्य उपचार औषधे हा आहे. मज्जारज्जूवर दाब असल्यास किंवा कण्याला बाक आल्यास शस्त्रक्रिया केली जाते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

चकती-छेदन : मज्जातंतूवर दाब देणारा चकतीचा तुकडा काढला जातो. ही शस्त्रक्रिया सहसा सूक्ष्मदर्शकाच्या किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदातून होते.

दाबमुक्ती : मणक्याच्या मागील कमानीचा काही भाग व जाड झालेला अस्थिबंध काढून अरुंद पोकळी मोकळी केली जाते.

मणके जोडणे : दोन किंवा अधिक मणक्यांमध्ये हाडाचे रोपण करून त्यांचे एकच हाड बनवले जाते. हाड जुळेपर्यंत आधारासाठी बहुधा स्क्रू व सळ्या बसवतात. हाड पक्के जुळण्यास अनेक महिने लागतात. एकदा जोडलेल्या मणक्यांमधील नैसर्गिक हालचाल परत मिळवता येत नाही.

कृत्रिम चकती बसवणे : हालचाल टिकवण्याच्या हेतूने निवडक रुग्णांमध्ये झिजलेल्या चकतीच्या जागी कृत्रिम चकती बसवली जाते.

एमआरआय तपासणीच्या मर्यादा

एमआरआयमध्ये दिसणारा प्रत्येक दोष वेदनेचे कारण असतोच असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका पातळीवर चकतीला फुगवटा आढळला आणि २७ टक्के व्यक्तींमध्ये चकती बाहेर आलेली दिसली. सर्व चकत्या निर्दोष असलेल्या व्यक्तींचे प्रमाण केवळ ३६ टक्के होते. वाढत्या वयाबरोबर केस पांढरे व्हावेत, तसेच चकत्यांतील बरेच बदल स्वाभाविक असतात. त्यामुळे रुग्णाची लक्षणे, प्रत्यक्ष तपासणी व चित्रण या तिन्ही गोष्टी एकाच मज्जातंतूकडे निर्देश करतात का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

परिणामकारकतेविषयीचे पुरावे

सायटिका

नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांच्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली होती. चार व दहा वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. नेदरलँड्समधील २००७ च्या चाचणीत ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा समावेश होता. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना अधिक वेगाने कमी झाली, परंतु एका वर्षानंतर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. वाट पाहणाऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. बाहेर आलेला चकतीचा तुकडा कित्येकदा आपोआप आकसतो, हे यामागील एक कारण आहे.

चार ते बारा महिने टिकलेल्या सायटिकाचे चित्र काहीसे वेगळे आहे. कॅनडातील १२८ रुग्णांच्या २०२० च्या चाचणीत सहा महिन्यांनंतर पायातील वेदना शस्त्रक्रियेच्या गटात दहापैकी सरासरी २.८, तर इतर गटात ५.२ इतकी होती. म्हणून आरंभीचे काही आठवडे वाट पाहणे सहसा सुरक्षित असले, तरी वेदना हटत नसताना अनिश्चित काळ थांबणे हितावह असतेच असे नाही.

कण्याच्या पोकळीचे आकुंचन

अमेरिकेतील 'स्पोर्ट' या बहुकेंद्रीय अभ्यासात अनेक रुग्णांनी नेमून दिलेला गट बदलला. त्यामुळे मूळ गटांच्या तुलनेवरून ठाम निष्कर्ष काढणे कठीण झाले. प्रत्यक्ष घेतलेल्या उपचारांनुसार केलेल्या विश्लेषणात दाबमुक्तीच्या शस्त्रक्रियेचा लाभ दिसला. दाबमुक्तीबरोबर मणके जोडण्याची गरज आहे का, यावर स्वीडनमध्ये २४७ रुग्णांची चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मणके जोडल्याने अधिकचा लाभ आढळला नाही.

केवळ कमरेतील वेदना

स्वीडनमधील २००१ च्या अभ्यासात २९४ रुग्ण होते. मणके जोडलेल्या रुग्णांची कंबरदुखी दोन वर्षांत सरासरी ३३ टक्क्यांनी, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची ७ टक्क्यांनी कमी झाली. परंतु नॉर्वेतील २००३ चा व ब्रिटनमधील २००५ चा अभ्यास यांत शस्त्रक्रियेची तुलना व्यायाम आणि समुपदेशन यांच्या शिस्तबद्ध कार्यक्रमाशी करण्यात आली, तेव्हा हा फरक उरला नाही किंवा अगदी अल्प राहिला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, संशोधन चाचणीचा भाग असल्याखेरीज कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया देऊ नये, असे म्हटले आहे. कृत्रिम चकती बसवू नये, अशीही सूचना त्यात आहे.

जोखीम व गुंतागुंत

जंतुसंसर्ग, रक्तस्राव, रक्ताची गुठळी होणे, मज्जावरण फाटणे, मज्जातंतूस इजा आणि भूल देण्याशी संबंधित धोके या शस्त्रक्रियांत संभवतात. चकती-छेदनानंतर त्याच जागी पुन्हा चकती बाहेर येऊ शकते. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत हाड न जुळणे, स्क्रू सैल होणे व शेजारच्या मणक्यांवर ताण वाढणे या अडचणी येतात. धूम्रपानामुळे हाड जुळण्याची शक्यता घटते. अनियंत्रित मधुमेहात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अस्थिविरळतेत स्क्रूची पकड कमकुवत राहते.

शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होऊनही काही रुग्णांची वेदना कायम राहते किंवा पुन्हा उद्भवते. दुसऱ्या व तिसऱ्या शस्त्रक्रियेत यशाची शक्यता पहिल्यापेक्षा कमी होत जाते.

शस्त्रक्रियेविना उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रोगाविषयी माहिती देणे, नियमित व्यायाम, काही मानसोपचार पद्धती आणि दाहशामक औषधांचा योग्य वापर यांची शिफारस त्यांत आहे. कमरेचा पट्टा, ताण देण्याचे उपचार आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नेहमीचा वापर टाळावा, असे त्यांत सुचवले आहे. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू दुर्बल होतात व पूर्ववत होणे लांबते.

निर्णयप्रक्रिया

शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना साधारणतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

* वेदना मुख्यतः पायात आहे की कमरेत, आणि ती चित्रणातील दोषाशी जुळते का.
* शस्त्रक्रियाविरहित उपचार पुरेसा काळ व नियमितपणे झाले आहेत का.
* शस्त्रक्रियेमुळे कोणते लक्षण कमी होणे अपेक्षित आहे. पायातील कळ थांबली तरी जुनी बधिरता किंवा कंबरदुखी राहू शकते.
* शस्त्रक्रिया न केल्यास पुढील वर्षभरात काय होण्याची शक्यता आहे.
* रुग्णाचे वय, इतर आजार, व्यसन, नैराश्य आणि हालचालीविषयीची भीती.
* व्यवसायाचे स्वरूप. शेतमजूर, हमाल किंवा वाहनचालक यांना कामावर परतण्यास अधिक काळ लागू शकतो. त्या काळातील बुडणारी मजुरी व घरातील मदत यांचाही विचार करावा लागतो.

ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे ही मान्य पद्धत आहे. एकाच प्रकारचा दोष असलेले दोन रुग्ण वेगवेगळे, तरीही योग्य निर्णय घेऊ शकतात. कारण लवकर आराम मिळण्याचे मोल आणि धोका पत्करण्याची तयारी प्रत्येकाची निराळी असते.

संमती आणि कायदा

रुग्णाच्या संमतीविषयीचे दोन महत्त्वाचे परदेशी निवाडे मणक्याच्या शस्त्रक्रियेशी संबंधित आहेत. अमेरिकेतील 'कँटरबरी विरुद्ध स्पेन्स' (१९७२) या खटल्यात पाठदुखीसाठी झालेल्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्धांगवायूच्या अल्प शक्यतेची कल्पना रुग्णाला दिली गेली नव्हती. सामान्य रुग्णाच्या निर्णयावर ज्या धोक्याचा परिणाम होऊ शकतो, तो धोका सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे न्यायालयाने म्हटले. ब्रिटनमधील 'चेस्टर विरुद्ध अफशार' (२००४) या प्रकरणात एक ते दोन टक्के धोक्याची पूर्वसूचना न दिल्याचा प्रश्न होता. सूचना मिळाली असती तर रुग्णाने त्या वेळी शस्त्रक्रिया करून घेतली नसती, एवढे पुरेसे मानून हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी रुग्णाच्या बाजूने निर्णय दिला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' (२००८) या निवाड्यात संमतीचे निकष स्पष्ट केले. हे प्रकरण मणक्याच्या शस्त्रक्रियेचे नव्हते. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, असे त्यात नमूद आहे. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी ग्राह्य धरता येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

भारतातील स्थिती

भारतात मणक्याच्या शस्त्रक्रिया अस्थिशल्यविशारद व मज्जाशल्यविशारद असे दोन्ही तज्ज्ञ करतात. महाराष्ट्रात 'मणक्यात गॅप पडला' हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो निश्चित निदान नसून चकतीची झीज, चकती बाहेर येणे, मणका सरकणे अशा भिन्न स्थितींसाठी सरसकट वापरला जातो. त्यांचे उपचार मात्र वेगवेगळे असतात. आयुष्मान भारत व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांसारख्या सरकारी योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून भागला, तरी त्यापूर्वीच्या किंवा नंतरच्या अनेक आठवड्यांच्या फिजिओथेरपीचा भार कुटुंबावर पडू शकतो. आर्थिक सोय हा घटक अशा प्रकारे उपचाराच्या निवडीवर प्रभाव टाकतो.

हे सुद्धा पहा

* पाठीचा कणा
* सायटिका
* मणक्याचा क्षयरोग
* फिजिओथेरपी