इंधन दाबवाढ : इंजिनबदलानंतरचे निदान

पेट्रोल गाडीत मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या जातीचे इंजिन बसवल्यानंतर इंजेक्टरांना मिळणाऱ्या पेट्रोलाचा दाब त्या इंजिनासाठी ठरवून दिलेल्या दाबापेक्षा सतत जास्त राहणे, हा या नोंदीचा विषय आहे. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आणलेले एलएस१ आणि त्याच्या कुळातली आठ सिलिंडरांची इंजिने अमेरिकेत जुन्या, कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांत मोठ्या प्रमाणावर बसवली जातात, आणि हा दोष तेथे ठळकपणे दिसतो. कार्ब्युरेटरला ४ ते ७ पीएसआय (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडांतला दाब, १४.५ पीएसआय म्हणजे १ बार) एवढा दाब पुरत असे, तर एलएस कुळातल्या इंजिनांना साधारण ५८ पीएसआय, म्हणजे ४ बार लागतो, त्यामुळे टाकीपासून इंजिनापर्यंतची जवळजवळ सगळी इंधनव्यवस्था नव्याने जुळवावी लागते, आणि ती वेगवेगळ्या गाड्यांच्या भागांतून जुळवलेली असल्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकत्रित व्यवस्था सदोष ठरू शकते.

विजेवर चालणारा पंप पेट्रोल फक्त ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या प्रवाहाला पुढे होणाऱ्या अडथळ्यामुळे. हा अडथळा नेमका किती असावा हे रेग्युलेटर ठरवतो. त्यात स्प्रिंगने दाबून धरलेला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो. रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की पडदा उचलला जाऊन झडप उघडते आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जाते. झडपेच्या पुढची ही परतीची वाट मोकळी नसेल, तर झडप पूर्ण उघडूनही दाब उतरत नाही. तासाला २५५ लिटर देणारे पंप या कामासाठी सर्रास वापरले जातात, पण एवढे मोठे इंजिनही आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना, तासाला जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल जाळते. बाकीच्या जवळजवळ सगळ्या पेट्रोलाला परतीच्या वाटेनेच जावे लागते. नवे इंजिन बसवणाऱ्याचे सारे लक्ष पंप आणि पुरवठ्याच्या पाइपवर असते, आणि परतीसाठी काही वेळा मूळ गाडीतली पाव इंची वाफेची नळीच पुढे वापरली जाते. प्रवाह दुप्पट झाला की अरुंद नळीतला दाबाचा तोटा जवळपास चौपट होतो, हे लक्षात घेता ती काटकसर महागात पडते.

इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५८ ऐवजी ८० पीएसआय दाब असेल तर इंजेक्टर तेवढ्याच वेळात सुमारे १७ टक्के, आणि ९० पीएसआय असेल तर सुमारे २५ टक्के जास्त पेट्रोल सोडतो. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीएम, ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे इंजेक्टर उघडे राहण्याचा वेळ कमी करून ही भरपाई करू पाहतो. त्याची मर्यादा संपली की काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळीने काळे पडलेले स्पार्क प्लग आणि पी०१७२ किंवा पी०१७५ हे दोषसंकेत दिसू लागतात. हे संकेत मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे सांगतात, दाबाबद्दल काहीच सांगत नाहीत. गळका इंजेक्टर किंवा चुकीचे आकडे देणारा हवामापक सेन्सरही तेच संकेत देतो, म्हणून प्रत्यक्ष दाब मोजल्याशिवाय रेग्युलेटर बदलणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

मोजणी रेलवरच्या चाचणी-झडपेला यांत्रिक गेज लावून करावी, कारण डॅशबोर्डवरच्या विजेच्या गेजचा सेन्सर आणि काटा वेगवेगळ्या मोजपट्ट्यांचे असले तर दाब वाढलेला नसतानाही दाबवाढ दिसते. गेज लावण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे रेलमधला बहुतेक दाब उतरतो. त्यानंतर तीन स्थितींतले आकडे घ्यावेत : फक्त चावी फिरवून पंप चालू असताना, आयडलवर, आणि इंजिनावर भार असताना. निरोगी व्यवस्थेत पंपाला १२ व्होल्ट मिळोत की अल्टरनेटर सुरू झाल्यावरचे १४ व्होल्ट, रेग्युलेटर आपला आकडा धरून ठेवतो. इंजिन सुरू होताच दाब आणखी चढला आणि भार देताच मूळ आकड्याकडे उतरू लागला, तर दोष परतीच्या वाटेत असल्याची ती जवळजवळ खात्रीची खूण असते, कारण भारावर इंजिन जास्त पेट्रोल ओढते आणि परतणारे पेट्रोल तेवढेच कमी होते.

याची पडताळणी रेग्युलेटरनंतर रिटर्न लाइन सोडवून तिथून तात्पुरता रुंद होज पेट्रोलच्या मान्यताप्राप्त कॅनमध्ये सोडून होते; हे काम थंड इंजिनावर, उघड्यावर आणि अग्निशामक हाताशी ठेवून, इंजिन न सुरू करता पंप काही सेकंद चालवून करायचे असते. दाब ५८ वर आला तर चेपलेली नळी, अरुंद जोडणी किंवा टाकीतल्या पंप-संचातले परतीचे बारीक भोक शोधावे. दाब तसाच राहिला तर रेग्युलेटरची झडप अडकली आहे किंवा पंपाच्या प्रवाहासाठी ती लहान आहे.

यापेक्षा फसवी स्थिती म्हणजे गेज बरोबर आकडा दाखवत असूनही मिश्रणात पेट्रोल जास्त असणे. रेलवरच्या रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते, त्यामुळे आयडलवर गेजचा दाब ८-९ पीएसआयने उतरतो आणि इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधला फरक मात्र सर्वत्र सारखा राहतो; ही नळी निखळली किंवा थ्रॉटलच्या अलीकडच्या तोंडाला जोडली, तर आयडलवर तेवढाच दाब वाढून दिसतो. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटमधला फिल्टर-रेग्युलेटर हा एकत्रित भाग, ज्याच्या टाकीकडच्या बाजूला पुरवठ्याची आणि परतीची अशी दोन तोंडे आणि इंजिनाकडे एकच तोंड असते, स्वस्त आणि सोपा म्हणून अशा बदलांत लोकप्रिय आहे, पण त्याला व्हॅक्यूमची नळी नसते. आयडलवर मॅनिफोल्डमधला निर्वात जमेस धरता इंजेक्टरवरचा खरा फरक सुमारे ६७ पीएसआय होतो आणि पेट्रोल सात-आठ टक्के जास्त जाते. व्हॅक्यूमच्या नळीच्या रेग्युलेटरसाठी लिहिलेले इंजेक्टरच्या प्रवाहाचे कोष्टक ईसीएममध्ये तसेच राहिले असेल, तर तो दोष पाना-पकडीने जाणारा नाही. कोष्टकच बदलावे लागते. व्हॅक्यूमची नळी आतून पेट्रोलने ओली लागली, तर दाब योग्य असूनही डायफ्राम फाटलेला असतो आणि पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये जात असते.

दाब जागेवर आल्यावर ईसीएमने शिकलेली जुनी इंधनभरपाई पुसावी, नाहीतर इंजिन काही काळ उलट कमी पेट्रोलवर चालते. गाडी दाबवाढीसह बरीच चालली असेल तर पेट्रोल मिसळून पातळ झालेले इंजिन ऑइलही बदलावे.