हवाई पवनचक्की

हवाई पवनचक्की : मनोऱ्याऐवजी दोराने जमिनीशी किंवा समुद्रातील तरंगत्या मंचाशी जखडलेल्या पतंगाच्या, पंखाच्या अथवा हेलियमच्या फुग्याच्या साहाय्याने उंचावरील वाऱ्यापासून वीज निर्माण करणारे यंत्र. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. आणि भूपृष्ठाच्या घर्षणातून सुटलेला वारा सामान्यतः अधिक वेगवान व अखंड असल्यामुळे, मनोरा परवडत नाही तेथवर दोर पाठवावा, हे या कल्पनेचे एक अंग होय. दुसरे अंग अधिक मार्मिक आहे. रूढ पवनचक्कीच्या पात्याचा टोकाकडील एक तृतीयांश भाग एकूण भ्रमणक्षेत्राचा निम्म्याहून अधिक हिस्सा व्यापतो. तेव्हा बहुतेक काम टोकच करीत असेल, तर तेवढे राखून बाकीच्या डोलाऱ्यास रजा का देऊ नये?

अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे अभियंते माइल्स लॉइड यांनी १९८० साली या प्रश्नास गणिती रूप दिले. पतंग वाऱ्याच्या आडव्या दिशेने फिरवल्यास तो वाऱ्याच्या कित्येक पट वेग घेतो, हे दाखवून, सी-५ए या अजस्र मालवाहू विमानावर बेतलेला पतंग सेकंदास १० मीटर वाऱ्यात ६.७ मेगावॉट शक्ती देईल, असा हिशेब त्यांनी मांडला.

प्रत्यक्षात दोन पद्धती रूढ झाल्या. पहिलीत जनित्र जमिनीवरच असते : पतंग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणे घेत असता त्यास ढील द्यावी, सुटत्या दोराने असारी फिरून वीज निघावी, आणि दोर संपत आला की पतंगाचा जोर मोडून तो हापसावा, हापसण्यात खर्ची पडलेली वीज वजा जाता उरेल ती निव्वळ मिळकत. पूर्वी जहाजे ओढण्यासाठी पतंग बनवणाऱ्या हॅम्बुर्गच्या स्कायसेल्स कंपनीने याच धर्तीचे यंत्र मॉरिशसमध्ये उभारले. पतंगाऐवजी फुगा वापरून त्याच्या पोकळीत चक्र बसवण्याचे प्रयोगही झाले. पण आडव्या उड्डाणाचा लाभ त्यांना मिळत नाही.

दुसऱ्या पद्धतीत जनित्रे पंखावर असतात व वीज दोरातील तारांतून खाली येते. कॅलिफोर्नियातील मकानी कंपनीच्या ६०० किलोवॉटच्या पंखाचा विस्तार २६ मीटर असून त्यावर आठ चक्रे होती. प्रथम हीच चक्रे वीज खाऊन पंखास सरळ वर उचलीत आणि तो वर्तुळाकार घिरट्या घालू लागला की उलट वीज देऊ लागत. २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर तरंगत्या मंचावरून त्याचे उड्डाण झाले. परंतु गूगलच्या पालक कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये पाठिंबा काढून घेतला आणि उपक्रम बंद पडला. आपल्या पेटंटांच्या आधारे दावे न लावण्याची हमी देऊन मकानीने संकल्पचित्रे व उड्डाणांच्या नोंदी असे आपले बरेचसे दप्तर मात्र खुले केले.

खरी अडचण वाऱ्याची नव्हे, ताब्याची आहे. रूढ पवनचक्की बिघडली तर थांबवता येते. हवाई पंख थांबला तर पडतो. वारा पडताच तो मनुष्याच्या मदतीवाचून उतरावा, वीज कडाडण्यापूर्वी आवरावा, सतत ताणाने झिजणारा दोर वेळीच बदलला जावा आणि विमानवाहतुकीच्या अंमलदारांकडून त्या आकाशखंडाची परवानगी मिळावी, एवढी तजवीज झाल्याखेरीज मनोऱ्यातील बचत जमेस धरता येत नाही.