तुफानाआधी पोहोचलेली तार : मनिला, हाँगकाँग आणि एकोणिसाव्या शतकातील वादळाचे इशारे

१/
१८ नोव्हेंबर १८७९. स्पॅनिश अमलाखालील मनिला. फेदेरिको फाउरा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने जाहीर केले, की एक टायफून शहराच्या रोखाने येत आहे. लोकांत घबराट पसरली. कप्तानांना बंदर सोडण्यास मनाई करण्यात आली. दोन दिवसांनी वादळ खरोखरच येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १४४ किलोमीटरपर्यंत गेला, तरीही मनिलाचे नुकसान अगदी थोडे झाले.

२/
मात्र दक्षिण लुझॉनच्या किनाऱ्यावर ४२ जहाजे फुटली आणि अनेकांचे प्राण गेले. तेथील बंदरांपर्यंत तारायंत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे मनिलात ठाऊक असलेली गोष्ट त्यांना कळलीच नाही. ज्ञान होते, पण त्याला वाट नव्हती. वादळाचे ज्ञान आणि त्याची वाट, या दोहोंची ही गोष्ट आहे. 🧵

३/
आधी शब्दाविषयी. मराठीतील ‘तुफान’ अरबी-फारसीतून आला. पोर्तुगीज खलाशी पूर्वेकडील वादळांना ‘तुफाँव’ म्हणत. ‘टायफून’च्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, कोणी ग्रीक, कोणी अरबी, तर कोणी चिनी मूळ सांगतात. या शब्दाने जितक्या भाषांची बंदरे पाहिली, तितक्या भाषांच्या खलाशांना त्याने बुडवलेही आहे.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भर समुद्रातील कप्तानाजवळ काय असे? एक बॅरोमीटर आणि स्वतःचा अनुभव. पारा घसरू लागला की काहीतरी येत आहे इतके समजे. ते कोठून येत आहे, कोणीकडे वळेल, पळावे तर कोणत्या दिशेला, याचे उत्तर पाऱ्याजवळ नव्हते.

५/
पहिला धागा सापडला तो जमिनीवर. १८२१ च्या चक्रीवादळानंतर अमेरिकेतील कनेटिकटमधून जाताना विल्यम रेडफील्ड यांना दिसले, की एका भागात झाडे ज्या दिशेला पडली आहेत, त्याच्या नेमक्या उलट दिशेला ती काही अंतरावर पडली आहेत. म्हणजे वारा सरळ वाहत नव्हता. तो एका केंद्राभोवती फिरत होता. १८३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

६/
हा विचार आशियाच्या समुद्रांवर कसोटीला लावला तो कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन हे एकेकाळचे जहाजाचे कप्तान. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा ते जमवत आणि अमुक तासाला अमुक ठिकाणी वारा कोणत्या दिशेचा होता, हे नकाशावर मांडत. बंगालच्या उपसागरासोबत चीन समुद्रातील वादळांचाही त्यांनी असाच अभ्यास केला.

७/
१८४८ मध्ये त्यांनी खलाशांसाठी एक हस्तपुस्तिका काढली. वेटोळे घातलेल्या सर्पावरून त्यांनी या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले, ते याच पुस्तकातून रूढ झाले. सोबत शिंगाच्या पारदर्शक पातळ चकत्या असत. त्यांवर वर्तुळे आणि बाण कोरलेले. चकती सागरी नकाशावर ठेवायची, सध्याच्या वाऱ्याशी बाण जुळवायचा, की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे ते दिसे.

८/
नियम समजण्यास सोपा होता. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास केंद्र साधारण डाव्या हाताला असते. थांबलेल्या जहाजावर वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बदलत गेला, तर जहाज वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला आहे. तोच अधिक घातक भाग, कारण तेथील वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच लोटतो.

९/
परंतु ज्ञानाचे वजन ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर पोर्ट कॅनिंग उभारण्याचे घाटत होते, तेव्हा १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून बजावले, की वादळाची लाट एक दिवस ही जागा गिळेल. बंदर झालेच. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारले. १८६७ च्या वादळाने पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त केले.

१०/
पिडिंग्टन यांच्या पद्धतीला आणखी एक मर्यादा होती. चकती उपयोगी पडे ती वादळाच्या कडेत शिरल्यावर. बंदरात नांगरलेल्या जहाजाने आज निघावे की थांबावे, हे सांगण्यासाठी शेकडो मैलांवर दुसरा निरीक्षक हवा आणि त्याचा निरोप वादळापेक्षा वेगाने धावायला हवा. तारायंत्राने नेमके हेच शक्य केले.

११/
आता नकाशावर मनिला पाहा. पूर्वेला अथांग प्रशांत महासागर. पश्चिम प्रशांतातील टायफून बहुधा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकतात. त्यांतील अनेक फिलिपिन्स ओलांडून चीनच्या किनाऱ्याकडे जातात. हाँगकाँग मनिलापासून सुमारे ११०० किलोमीटरवर आहे. मनिला म्हणजे चीन समुद्राचा उंबरठा. तेथे आज जे दिसले, ते परवा हाँगकाँगच्या दारात असू शकते.

१२/
मनिलाच्या वेधशाळेचा जन्मही वादळातलाच. सप्टेंबर १८६५ मध्ये तेथील जेझुइट शाळेतील शिक्षकांनी एका टायफूनच्या नोंदी ठेवल्या. त्या वर्तमानपत्रात छापून आल्या आणि त्यांतूनच वेधशाळा आकाराला आली. पुढची चौदा वर्षे तेथे वायुभार, वारा आणि ढग यांच्या नोंदी साठत राहिल्या. फाउरा यांचे भाकीत याच चिकाटीचे फळ होते.

१३/
७ जुलै १८७९ रोजी फाउरा यांनी आपला पहिला टायफून-इशारा दिला : वादळ उत्तर लुझॉनवरून जाईल. भाकीत खरे ठरले. म्हणूनच नोव्हेंबरमध्ये त्यांनी मनिलाला सावध केले, तेव्हा अधिकाऱ्यांनी जहाजे रोखून धरली. एका दिवसाच्या खोळंब्याचे पैसे मोजणाऱ्या व्यापारी बंदरात हा विश्वास स्वस्त नव्हता. जुलैच्या त्या खऱ्या ठरलेल्या शब्दावर तो उभा होता.

१४/
१८८० मध्ये मनिला आणि हाँगकाँग समुद्राखालील केबलने जोडले गेले आणि व्यापाऱ्यांनी फाउरा यांचे इशारे मागितले. हाँगकाँगला त्यांचे मोल कळत होते. सप्टेंबर १८७४ च्या एका रात्रीत टायफूनने तेथे हजारो माणसे मारली होती. १८८४ मध्ये स्पॅनिश राजाज्ञेने मनिलाची वेधशाळा अधिकृत शासकीय संस्था झाली आणि द्वीपसमूहात तिची उपकेंद्रे उभी राहू लागली.

१५/
हाँगकाँगची स्वतःची वेधशाळा १८८३ मध्ये निघाली. पहिले संचालक डॅनिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम डोबर्क. १८८४ पासून तेथे डोलकाठीवर ढोल, गोळा आणि शंकू अशा आकाराच्या खुणा चढू लागल्या. बंदरातील खलाशांनी त्यांवरून वादळाची खबर ओळखायची. सामान्य नागरिकांसाठी तोफ होती : जोराचा वारा अपेक्षित असेल तर एक बार, टायफूनचा वारा अपेक्षित असेल तर दोन. शांघायजवळच्या झिकावेई येथील जेझुइटांची वेधशाळाही याच जाळ्यात होती.

१६/
मग खोल समुद्रातील जहाजाचे काय? बिनतारी संदेश अजून जन्मायचा होता. नांगर उचलला की तार तुटली. अशा कप्तानांसाठी फाउरा यांनी १८८६ मध्ये खास बॅरोमीटर सिद्ध केला. त्यात पारा नव्हता आणि त्याच्या तबकडीवर फिलिपिन्सच्या समुद्रातील टायफूनचे संकेत लिहिलेले होते. वेधशाळेचा अनुभव एका डबीत घालून कप्तानाच्या खोलीत ठेवला, असेच म्हणावे लागेल. फाउरा १८९७ मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांचे उत्तराधिकारी होसे अल्गुए यांनी ‘बॅरोसायक्लोनोमीटर’ पुढे आणला.

१७/
आता या कहाणीतील कडू घास. डोबर्क यांना मनिला आणि झिकावेईच्या इशाऱ्यांची ढवळाढवळ सहन होत नसे. १८९८ मध्ये मनिला अमेरिकेच्या ताब्यात गेली, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनकडे तक्रार केली. १८९९ च्या आरंभी मनिलाच्या वेधशाळेला परदेशी इशारे पाठवण्यास मनाई झाली. केबल शाबूत होती, निरीक्षक जागे होते, तरीही निरोप थांबला. अखेर हाँगकाँगमधील वर्तमानपत्रे आणि जहाजवाल्यांनी गदारोळ केला, तेव्हा ही बंदी उठली.

१८/
१८७९ मध्ये दक्षिण लुझॉनला तार नव्हती म्हणून माणसे बुडाली. १८९९ मध्ये तार असून प्रतिष्ठेच्या भांडणाने तिचे तोंड बंद केले. यातली पहिली उणीव तंत्रज्ञान भरून काढते. दुसरीवर यंत्र नाही. तिथे कामाला आला तो ज्यांचे जीव आणि माल पणाला लागले होते, त्यांचा आवाज.

१९/
आजही कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी बातमी येते : ‘बंदरात तीन नंबरचा बावटा’. जयगड असो वा वेंगुर्ला, तो बावटा चढला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. तो चढवणाऱ्या हातामागे रोजनिशा जुळवणारे पिडिंग्टन आहेत, मनिलाच्या गच्चीवरून ढग वाचणारे फाउरा आहेत, आणि ज्यांना कोणी कळवलेच नाही ती ४२ जहाजेही आहेत.

आपल्या गावच्या बंदरावरील बावट्याच्या जुन्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली जरूर लिहा. 🌊