नांवें ठेवलेलीं मुलें



कन्नडहून चाळीसगांवकडे जातांना जो घाट लागतो, त्याला औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव त्याला मिळालें. ज्यांना या सातमाळ्याच्या रानांतली वाट न् वाट ठाऊक होती, त्या भिल्लांना मात्र त्याच काळच्या दप्तरांत एकच नांव मिळालें; तें म्हणजे चोर! आपल्या भाषेंत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' हे दोन प्रयोग अगदीं शेजारीं राहतात. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या वांट्याला जेव्हां पहिल्याऐवजीं दुसरें येतें, तेव्हां काय होतें, हें आज सांगावयाचें आहे. आणि त्यासाठीं कन्नडपासूनच आरंभ केला पाहिजे.

मूळचा भिल्ल हा अनेक गांवांचा जागला होता. गांवाची राखण करावी आणि त्याबद्दल गांवानें त्याचा हक्क द्यावा, अशी ती रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लष्करांची धामधूम झाली, तिच्या पाठोपाठ दुष्काळ आला, गांवें ओस पडलीं आणि हक्कहि बुडाले. मग डोंगराचा आश्रय आणि लूट एवढेंच उरलें. त्यांचा बंदोबस्त ज्या रीतीनें झाला, ती सांगतांना जीभ अडखळते. कन्नड, धरणगांव, चाळीसगांव आणि याच तालुक्यांतील अंतूरचा कडा येथें भिल्लांच्या जमावांची सर्रास कत्तल झाल्याची नोंद खानदेशच्या जुन्या गॅझेटियरांत आहे. एकदां 'चोर' म्हटलें कीं मग चौकशीची गरज उरत नाहीं!

१८१८ मध्यें खानदेश कंपनी सरकारकडे आला. पहिलीं कांहीं वर्षें बळाचाच प्रयोग चालला. १८२५ मध्यें मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं धोरण बदललें आणि तीन भिल्ल एजन्सी स्थापन केल्या. त्यांपैकीं एकीचें ठाणें कन्नड येथें होतें. मुलूख निजामाचा असूनहि. जमीन द्यावी, बैलांसाठीं तगाई द्यावी, वस्ती करवावी, हें त्यांचें काम. औट्रमकडे भिल्लांची पलटण उभारण्याचें काम आलें. आरंभीं कोणी भिल्ल पुढें येईना; बोलावून मारतील, ही धास्ती. आणि ती धास्ती अनुभवाची होती, हें वर सांगितलेंच. पुढें हे रंगरूट मालेगांवच्या छावणींत आले, तेव्हां औट्रमच्या पलटणींतील उच्चवर्णीय शिपाई स्वतः त्यांच्या भेटीस गेले, त्यांना जवळ बसविलें आणि पानसुपारी दिली. मला या साऱ्या हकीकतींत ती पानसुपारीच मोठी वाटते. तोफांना जें साधलें नव्हतें, त्यांतलें बरेंचसें तिनें साधलें. थोड्याच वर्षांत खानदेशची राखण ही भिल्ल पलटणच करूं लागली.

ज्यांना जन्माचे चोर म्हटलें तेच पहारेकरी झाले, यावरून सरकारला बोध व्हावयास हवा होता. तो झाला नाहीं. १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असें त्यामागील तर्कशास्त्र होतें. आपलीच जातिव्यवस्था आपल्याविरुद्ध साक्षीस उभी केली गेली, आणि आपण ती साक्ष खोटी आहे असें म्हटलें नाहीं; हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. १८९७ च्या दुरुस्तीनें ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा दिली. चार वर्षांचें मूल! १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यांतहि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा अनेक जमातींवर हा शिक्का बसला, आणि सोलापूर, हुबळी, विजापूर येथें त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

या वसाहतींत शाळा होत्या, आणि तेथें पुष्कळ मुलांनीं पहिल्यानें अक्षर गिरविलें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण त्या मुलाची स्थिति डोळ्यांपुढें आणा. बाप पोलिसांपुढें हजेरी देतो, मुलगा मास्तरांपुढें हजेरी देतो. शब्द एकच. एका हजेरीचा अर्थ 'तूं पळाला नाहींस ना?' आणि दुसरीचा 'तूं शिकावयास आलास ना?' घरीं पहिली ऐकून आलेल्या मुलाला दुसरी निराळी कशी वाटावी? कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ मध्यें ही पोलिसी हजेरी बंद केली. परंतु हा अपवाद होता. देशभर कायदा रद्द व्हावयास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्या दिवशीं 'गुन्हेगार' हे 'विमुक्त' झाले.

दप्तर बदललें, वर्ग बदलला नाहीं. वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली कीं सगळ्यांच्या नजरा एकाच पाटीवर जातात. कोणी कांहीं बोलतहि नाहीं. तो मुलगा दुसऱ्या दिवशीं येत नाहीं, आणि हजेरीपटावर 'गैरहजर' एवढेंच लिहिलें जातें. कारण लिहिण्यास तेथें रकाना नसतो.

या नजरेनें मुलाच्या बुद्धीचें काय होतें, याची एक परीक्षाहि झाली आहे. २००४ मध्यें कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं उत्तर हिंदुस्थानांतील खेड्यांच्या शाळकरी मुलांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींचीं अशा मुलांना भूलभुलय्याचीं कोडीं सोडवावयास दिलीं. जात उच्चारली नव्हती, तेव्हां दोघांत फरक पडला नाहीं. मग सर्वांसमक्ष नांवाबरोबर जात वाचून दाखविली, आणि खालच्या म्हटलेल्या मुलांचीं सुटलेलीं कोडीं लक्षांत येण्याइतकीं कमी झालीं. तेंच वय, तीच कोडीं. मध्यें आला तो केवळ एक उच्चार.

आमच्या मराठवाड्यांत याची साक्ष देणारें पुस्तक आहे. लातूरकडील लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ मध्यें आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें. त्यांना शाळेंत घातलें, त्या सुमारास वस्तींतील मुलें आजारी पडलीं, आणि जमातीनेंच या शाळेला दोष दिला, असें ते सांगतात. बाहेरच्यांनीं 'तुमचें काम चोरीचें' म्हणावें आणि घरच्यांनींहि तेंच खरें मानावें, ही त्या शिक्क्याची शेवटची मजल. त्याआधीं १९८० मध्यें लक्ष्मण माने यांचें, आणि पुढें १९९४ मध्यें किशोर शांताबाई काळे यांचें आत्मकथन आलें. काळे तर वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले होते.

या तिन्ही पुस्तकांचीं नांवें पाहा : 'उपरा', 'उचल्या', 'कोल्हाट्याचं पोर'. तिन्ही शब्द दुसऱ्यांच्या तोंडचे. ज्या मुलांना ते ऐकावे लागले, त्यांनींच मोठेपणीं ते उचलून आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले, आणि खालीं आपलें पूर्ण नांव घातलें.