ठशाची चूक आणि घणाची चूक

इंदापूर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या देवघरात एक शिवराई पिढ्यान्‌पिढ्या पुजली जाते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ‘शिव’मधील ‘श’ मात्र दुहेरी दिसतो. टांकसाळीतल्या कारागिराने चुकलेले अक्षर ठशात पुन्हा कोरले आणि म्हणून हे नाणे दुर्मीळ, शिवाय ते साक्षात महाराजांच्या हयातीतले, अशी घरातील समजूत. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

ठशातील चूक हा जगभरच्या नाणेसंग्राहकांचा आवडता विषय आहे. अमेरिकेत १९९०च्या सुमारापर्यंत टांकसाळीचे खूण-अक्षर कामाच्या ठशात हाताने ठोकले जाई. पहिला ठोका सरकला तर ते पुन्हा ठोकीत. मग त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्या एकाच अक्षराला दुहेरी कड येई. शिवराईचे ठसे तर सर्वस्वी हाताने कोरलेले. अक्षरे उलटी कोरावयाची, कोरणारे अनेक, त्यामुळे ‘छत्रपति’च्या लेखनातही ऱ्हस्वदीर्घाचे नाना भेद आढळतात. पुन्हा कोरलेले अक्षर तेथे सापडणे अशक्य नाही.

परंतु नाणे पाडण्याची रीतही ध्यानात घ्यावयास हवी. एक ठसा खाली पक्का बसविलेला, दुसरा हातात धरलेला, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घण. दुसऱ्या घावापूर्वी चकती जराशी हलली की अक्षरे दुहेरी उमटतात. ही घणाची चूक. ती त्या एका नाण्यापुरतीच असते. ओळखावे कसे? एकच अक्षर दुहेरी आणि शेजारची अक्षरे व ठिपके स्वच्छ असतील, तर ठशाचा संशय घ्यावा. सगळेच एका दिशेने सरकलेले आणि पहिला ठसा चेपल्यासारखा दिसत असेल, तर तो दुहेरी घाव. निर्णायक पुरावा मात्र एकच: तोच दोष, त्याच जागी, दुसऱ्या नाण्यावर दिसला पाहिजे.

भिंगाखाली पाहता स्नेह्यांच्या शिवराईत ‘श’च्या बाजूचे ठिपकेही त्याच दिशेने सरकलेले होते. घणाचीच चूक. काळाविषयीही सावध राहावे लागते. १६७४च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या नावाची शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही वर्षे पाडली जात होती. नाव राजाचे असले म्हणून नाणे त्याच्या कारकिर्दीतले ठरत नाही. पेशव्यांच्या रुपयांवर तर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. पुण्याचा अंकुशी रुपया ओळखायचा तो अंकुशाच्या खुणेवरून.

अशा खुणा वाचणे हा तेव्हा छंद नव्हता, व्यवहार होता. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये निरनिराळ्या भावाने चालत आणि हलक्या नाण्यावर बट्टा कापला जाई. ‘नावाला बट्टा’ हा शब्दप्रयोग त्याच पेढीवरून घरात आला. मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून आपण बारामतीच्या बाबूजी नाइकांना ओळखतो. पण ते मूळचे सावकार. अशा पेढ्यांवर सराफ नाणे वाजवून, कसून, खूण पाहून मगच मोजीत असत. नाव वाचून भारावून जाण्याची त्यांना मुभा नव्हती.

स्नेही किंचित हिरमुसले, हे खरे. पण त्यांना सांगितले ते येथेही सांगतो. दसरा-दिवाळीला देवघरातले नाणे चिंचेने घासून लख्ख करू नका. अक्षराची जी कड दोन चुकांमधला भेद सांगते, तीच घासण्याने आधी जाते. वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि नाणे घरात कोठून आले ते लिहून ठेवावे. त्याच ठशाचे दुसरे नाणे उद्या बारामतीच्या एखाद्या घरात निघाले, तर ताडून पाहण्यास पहिले शाबूत हवे.