अठराव्या वर्षानंतर काय? स्वमग्न मुले मोठी होतात तेव्हा

स्वमग्नतेचा इतिहास सांगताना १९४३ हे साल, लिओ कॅनर हे नाव आणि काही लहान मुले एवढ्यावर गोष्ट बहुधा संपते. पण मुले लहान राहत नाहीत. ती मोठी झाल्यावर काय होते, हे कोणी पाहिले? आजचा थ्रेड त्याविषयी. यातली बरीच माणसे तेव्हा तरुण होती आणि त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

आरंभ मॉस्कोत. कॅनरच्या अठरा वर्षे आधी, १९२५ साली, ग्रुन्या सुखारेवा या ३३ वर्षांच्या डॉक्टरांनी सहा मुलग्यांची बारकाईने केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी ती जर्मनमध्ये आली. इंग्रजी भाषांतराला मात्र १९९६ साल उजाडावे लागले! या मुलांना सुखारेवांनी पाहिले ते रुग्णालयाच्या खाटेवर नव्हे, तर एका उपचारशाळेत. तिथे चित्रकला, सुतारकाम, कवायत होती आणि चार मुलांत मिसळून राहणे हाही उपचाराचाच भाग होता. आज ज्याला ‘सामाजिक कौशल्यांचे प्रशिक्षण’ म्हणतात, त्याचे हे फार जुने रूप म्हणता येईल.

आता अमेरिकेत येऊ. कॅनरच्या शोधनिबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. १९४२ मध्ये त्याला मिसिसिपीतील एका शेतकरी दांपत्याकडे राहायला ठेवण्यात आले. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचा ध्यास होता, म्हणून त्या दांपत्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितली. तो मक्याच्या ओळी मोजत बसे, तर नांगर चालवता चालवता ओळी मोजायची मुभा दिली. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी, तर त्यांच्या दफनासाठी जागा नेमून दिली. मानसशास्त्राची पदवी त्या दोघांपाशी नव्हती. मुलाचा छंद मोडायचा नाही, त्याला कामाला जुंपायचे, एवढे त्यांना उमगले होते. १९७१ साली कॅनरनी आपल्या अकरा मुलांचा पुन्हा मागोवा घेतला तेव्हा डोनाल्ड बँकेत नोकरी करत होता आणि गोल्फ खेळत होता. जी मुले मोठमोठ्या सरकारी संस्थांत गेली, त्यांची कहाणी खिन्न करणारी होती. मोकळ्या भिंतींकडे पाहत त्यांची वर्षे गेली.

लंडनमध्ये मायकेल रटर यांनी १९६७ साली, वयाच्या तिशीतच, सहकाऱ्यांसह ६३ मुलांचा पाच ते पंधरा वर्षांनंतरचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. तरुण झालेल्यांपैकी पगारी नोकरीत असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले; कित्येकांचा मुक्काम रुग्णालयातच होता. यात एक गोष्ट विसरू नये. १९७० च्या शिक्षण कायद्यापर्यंत इंग्लंडमध्ये अनेक मुलांवर ‘शिकवण्यास अयोग्य’ असा शिक्का मारून त्यांना शाळेबाहेर ठेवले जाई. शाळाच नाही, तर नोकरी कुठून येणार?

शिक्षिका सिबिल एल्गर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये मोजक्या मुलांना घरीच शिकवायला घेतले. १९६५ साली पालकांच्या संस्थेने ईलिंग येथे शाळा काढली. मुले वयात येऊ लागली तशी एल्गर यांना पुढची चिंता लागली, आणि १९७४ मध्ये सॉमरसेट परगण्यात स्वमग्न प्रौढांसाठी निवासी वसाहत उभी राहिली. ‘आमच्यानंतर हिचे कोण?’ हा प्रश्न आपल्याकडच्या आईबापांनाही नवा नाही. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख केला आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची वाट दाखवली.

पण पालक नेमणे वेगळे आणि पायावर उभे राहणे वेगळे. १९९९ सालीच लिन मॉवुड आणि पॅट्रिशिया हाउलिन यांनी लंडनमधील एका रोजगार-योजनेचा अभ्यास मांडला. चांगली बौद्धिक क्षमता असलेल्या ३० स्वमग्न प्रौढांना नोकरी शोधून देणे, मालकाला समजावणे, आणि सुरुवातीला कामाच्या जागी सोबत बसून मग हळूहळू दूर होणे, अशी तिची रीत. दोन वर्षांत त्यांतील सुमारे ६३ टक्के पगारी कामावर होते; अशी मदत न मिळालेल्या २० जणांच्या गटात २५ टक्के. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे. इथे केवळ तरुणाला शिकवले नाही, कचेरीलाही शिकवले.

हाच धागा २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी पुढे नेला. ते स्वतः स्वमग्न. त्यांचे म्हणणे असे की, संवाद फसतो तेव्हा न उमगणे दोन्ही बाजूंचे असते. दोष एकट्या स्वमग्न माणसाच्या माथी कशाला?

२०२० मध्ये एडिनबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखे तपासले. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या, एकूण ७२ माणसे, आणि एकाने दुसऱ्याला सांगत न्यायची एक गोष्ट. केवळ स्वमग्नांच्या साखळीत ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत अधिक वेगाने विरली. त्याच संशोधकांनी पुढे ३०० हून अधिक लोकांना घेऊन प्रयोग पुन्हा केला. २०२५ साली निष्कर्ष आला: मिश्र साखळीतली ती घसरण या वेळी दिसली नाही. स्वमग्नांची साखळी मात्र याही वेळी कोणाहून मागे पडली नव्हती.