बालाघाटचे दफ्तर आणि आभासी यंत्र

बालाघाट जिल्हा १८६७ साली सिवनी, मंडला आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवण्यात आला. तेव्हापासून त्याच्या कारभारातला शेवटचा शब्द बालाघाटाबाहेरच उच्चारला जातो. १९५६ पर्यंत तो नागपुरात उच्चारला जाई. लांजी, कटंगी, वारासिवनीकडच्या मराठी आणि पोवारी बोलणाऱ्या माणसाला नागपूर भाषेनेही जवळचे होते आणि वाटेनेही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी दुपटीहून अधिक लांब, भोपाळला गेली. जमिनीखालच्या संपत्तीचीही हीच तऱ्हा. भरवेलीचे मँगनीज शतकाहून अधिक काळ निघते आहे, पोलाद मात्र दुसरीकडे बनते. मलाजखंडचे तांबे सांद्रणाच्या रूपात खेतडी आणि घाटशिलेच्या भट्ट्यांकडे जात राहिले. कच्चा माल इथला, त्यावरची विद्या आणि मोल परक्या गावचे, अशी ही जुनी घडी आहे. संगणकानेही ती मोडली नाही, उलट आणखी घट्ट केली. एका जागी मात्र ती सैल झाली आहे. ती जागा म्हणजे आभासी यंत्रावर (खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकावर) सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल करण्याचे काम. माझे म्हणणे असे की, बालाघाटचे दफ्तर ज्या तंत्राच्या बळावर भोपाळला एकवटले, त्याच तंत्राने ते दफ्तर सांभाळण्याची विद्या बालाघाटच्या आवाक्यात आणली. यातली पहिली गोष्ट जिल्ह्याने सोसली. दुसरीचा लाभ अजून घेतलेला नाही.

दफ्तर दूर जाण्याची हकिकत आधी पाहू. पटवाऱ्याच्या बस्त्यातले खसरे, तहसिलीतले नकाशे आणि कलेक्टर कचेरीतली रेकॉर्ड रूम ही व्यवस्था वाळवीची, ओलीची आणि कारकुनाच्या मर्जीची होती. पण ती जिल्ह्यात होती, आणि तिच्यावर काम करणारा माणूसही जिल्ह्यातच असे. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे निकनेट हे उपग्रहाधारित जाळे जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत पसरू लागले. त्याची उतरंड बोलकी होती. पुण्यासारख्या प्रादेशिक केंद्रावर जपानी एनईसी कंपनीचे मोठे यंत्र, राज्यांच्या राजधान्यांत त्याहून लहान यंत्र आणि जिल्ह्याला पीसी. जिल्ह्याच्या वाट्याला सर्वांत दुबळे यंत्र आले, हे खरे. तरीही ते जिल्ह्याच्या खोलीत होते आणि बिघडले तर खोलीतल्या माणसालाच उघडावे लागे. १९८८-८९ मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. मध्य प्रदेशातून मुरैना आणि महाराष्ट्रातून वर्धा निवडले गेले. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही गेली. त्या काळात तहसिलीची माहिती तहसिलीतल्याच संगणकावर असे. डिस्क गेली की माहिती गेली, आणि कुणी परस्पर फेरफार केला तर तो पकडायला दुसरी प्रत नसे. म्हणून पुढे जे एकत्रीकरण झाले, त्याला मी चूक म्हणणार नाही. २००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजना आली, २००८ साली राज्यांच्या डेटा सेंटरांची योजना मंजूर झाली, २०१४ मध्ये एनआयसीचा ‘मेघराज’ क्लाउड सुरू झाला. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला, देशातला या प्रकारचा पहिला. मुदतीत सेवा द्यायची तर प्रत्येक अर्जाची नोंद एका जागी दिसणे भाग होते. आज बैहरच्या लोकसेवा केंद्रात छापलेला खसरा भोपाळच्या यंत्रणेतून येतो. जिल्ह्यात उरले ते कीबोर्ड, प्रिंटर आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य. ते सांगणाऱ्याला सर्व्हर कुठे आहे, कशाने बसला, कधी उठेल, यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याइतकाच तोही हतबल असतो.

हे एकत्रीकरण ज्या आभासी यंत्राच्या तंत्रावर उभे आहे, ते टंचाईतून जन्मलेले आहे. १९६४च्या अखेरीस अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रणाली रचायला घेतली आणि १९६७च्या जानेवारीत ती कामाला लागली. सिस्टीम/३६० मॉडेल ४० या यंत्राची स्मृती २५६ किलोबाइट होती, आजच्या एका छायाचित्रालाही अपुरी पडेल इतकी. त्यावर एकाच वेळी १४ आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकाला वाटे की संपूर्ण यंत्र आपलेच आहे. संगणक इतका महाग होता की प्रत्येकाला वेगळा देणे शक्य नव्हते. म्हणून एकाचे चौदा करावे लागले. याच वंशातली व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये बाजारात आली. तिचा एक मोठा उपयोग असा की, नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालू काम न थांबवता आभासी यंत्रावर चढवून तपासता येई. म्हणजे आभासी यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल करणे ही अलीकडची शिकाऊ सोय नाही. या तंत्राच्या मूळ कामांपैकी ते एक आहे.

भारताच्या हातून हा पहिला अध्याय निसटला. व्हीएम/३७० ऐन भरात असताना, १९७८ मध्ये, आयबीएमने भारतातला व्यवसाय आवरला. पुढे देशी कंपन्यांची यंत्रे आली आणि बँकांच्या यांत्रिकीकरणात युनिक्सला स्थान मिळाले. इथला सर्व्हर सांभाळणारा वर्ग घडला तो युनिक्सच्या खऱ्याखुऱ्या पेटीसमोर बसून. ही विद्या पुस्तकाने अर्धीच येते. डिस्कचे चुकीचे भाग पाडणे, बूटलोडर उडवणे, नेटवर्कचा पत्ता चुकवून यंत्राशी संपर्कच तोडून टाकणे, हे सगळे एकेकदा हातून घडल्याशिवाय हात तयार होत नाही. त्यासाठी हवे असते मोडले तरी चालेल असे यंत्र. कलेक्टर कचेरीचा एकमेव सर्व्हर कुणी शिकाऊ उमेदवाराच्या हाती मोडायला देणार नाही, आणि देऊही नये. पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे जुन्या यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळा होत्या, म्हणून तिथला विद्यार्थी शिकला. बालाघाटचा विद्यार्थी बुद्धीने कमी पडला नाही. त्याच्याकडे वाया घालवायला यंत्र नव्हते.

ही अडचण सुटली ती १९९९ नंतर. त्याआधी मधली वीस वर्षे स्वस्त पीसींच्या पुरात हे तंत्र मागे पडले होते. शिवाय पीसींतल्या इंटेल प्रोसेसरचा आराखडा त्याला अनुकूल नव्हता. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी आभासीकरणासाठी १९७४ मध्ये मांडलेल्या अटींत त्याच्या काही आज्ञा बसत नव्हत्या. स्टॅनफर्डमधून निघालेल्या व्हीएमवेअरने १९९९ मध्ये त्या आज्ञा धावता धावता बदलण्याची युक्ती बाजारात आणली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली, २००७ मध्ये आभासी यंत्रे चालवणारे केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले आणि त्याच वर्षी तेच काम करणारे व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपात मिळू लागले. एका दशकाच्या आत मेनफ्रेमची मिरास टेबलावरच्या संगणकात उतरली.

आता हे काम प्रत्यक्षात काय असते ते पाहू, कारण माझा सगळा भार त्यावर आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये नवे यंत्र मांडायचे म्हणजे त्याला किती स्मृती आणि प्रोसेसरचे किती गाभे द्यायचे हे ठरवायचे. डिस्क म्हणून होस्टवरची, म्हणजे मूळ संगणकावरची, एक फाइल द्यायची. मग डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरची आयएसओ फाइल जणू सीडीच घातली अशी जोडायची आणि यंत्र सुरू करायचे. इथून पुढचा प्रत्येक प्रश्न खऱ्या सर्व्हरवर येतो तोच असतो. डिस्कचे भाग कसे पाडायचे? लॉग साठणारा /वार वेगळा ठेवायचा का, म्हणजे तो भरला तरी मूळ भाग श्वास घेऊ शकेल? पत्ता स्थिर द्यायचा की राउटरकडून घ्यायचा? नॅट ठेवले तर आतले यंत्र बाहेर पोहोचते, पण बाहेरच्याला ते सापडत नाही. ब्रिज केले तर ते खोलीतल्या इतर संगणकांच्या रांगेत उभे राहते. दुरून आत शिरण्यासाठी एसएसएच चालू करायचे का, रूट या सर्वाधिकारी खात्याला थेट प्रवेश द्यायचा का? आणि या सगळ्यावर एक सोय अशी, जी खऱ्या पेटीने कधीच दिली नाही: स्नॅपशॉट. चालत्या स्थितीची नोंद घ्यायची, मग मुद्दाम बिघाड करायचा, दुरुस्त करून पाहायचा आणि जमले नाही तर क्षणात मागे यायचे. शिकणाऱ्याची चूक प्रथमच फुकट झाली. बालाघाटासारख्या जिल्ह्यासाठी या तंत्राचा सगळ्यात मोठा अर्थ हाच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सर्व्हर भोपाळ-दिल्लीत असताना ही विद्या बालाघाटात शिकून करायचे काय? पण भोपाळच्या डेटा सेंटरमध्ये तरी कोण यंत्राला हात लावतो? तिथेही कामाचे सर्व्हर बहुतेक आभासीच, आणि ते सांभाळणारा माणूस शेजारच्या खोलीतून किंवा दुसऱ्या गावातून नेटवर्कवरूनच आत शिरतो. रॅकपाशी जाणारे हात थोडे असतात. म्हणून बालाघाटात बसलेला आणि भोपाळात बसलेला यांच्यातले अंतर, निदान या कामापुरते, जोडणीच्या दर्जाइतकेच उरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आभासी यंत्रावर शिकलेल्याला खरी डिस्क निकामी झाल्याचा अनुभव नसतो. रेड कंट्रोलर, वीजपुरवठा, उष्णता, केबल यांची ओळख नसते. हे मान्यच केले पाहिजे. मात्र ती ओळख थोड्या महिन्यांच्या उमेदवारीत होते. ऑपरेटिंग सिस्टीमची समज तशी होत नाही. तिसरा आक्षेप काळाचा: आता क्लाउडवर तयार प्रतिमा मिळते, दोन मिनिटांत सर्व्हर उभा राहतो, मग हाताने इन्स्टॉल करण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर बिघाडाच्या दिवशी मिळते. डिस्क भरल्याने सेवा बंद पडते तेव्हा कोणता भाग भरला, तो का वेगळा होता आणि कसा वाढवायचा, हे ज्याने ते भाग एकदा स्वतः पाडले त्यालाच पटकन उमगते. सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीचा आधार २०२१च्या अखेरीस संपला आणि सेंटओएस ७चा २०२४च्या जूनमध्ये. त्यावर चालणारे सर्व्हर दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा तयार प्रतिमा उघडण्यापलीकडचे ज्ञान लागले.

राहिला साधनांचा प्रश्न. जिल्ह्यातले संगणक जुने, स्मृती तोकडी, वीज अधूनमधून जाते. पण चित्ररूप पडदा नसलेला डेबियन सर्व्हर ५१२ मेगाबाइटमध्येही चालतो; ४ गिगाबाइटच्या संगणकात असे दोन सर्व्हर बसतात आणि एकमेकांशी बोलतात. वीज गेली, फाइलप्रणाली बिघडली, तर तोही एक धडाच. अडते ते बहुधा वेगळ्याच जागी. प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय बायोसमध्ये बंद असते आणि ती चालू करायला कुणी सांगत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०१९च्या अखेरीस आलेल्या ६.१ आवृत्तीपासून या सोयीवाचून काम चालतच नाही. एक सेटिंग माहीत नसल्याने सबंध वर्गाची वाट बंद राहू शकते.

खरी उणीव शिक्षणाच्या रोखात आहे. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाची अभ्यास केंद्रे मध्य प्रदेशात गावोगाव पसरली आहेत आणि डीसीए, पीजीडीसीए या संगणकाच्या पदविका करणारे तरुण तिथे मोठ्या संख्येने येतात. त्यांतल्या पुष्कळांची नजर असते सीपीसीटीवर. २०१५ नंतर राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी लागणारी ही परीक्षा संगणकाचे सामान्य ज्ञान आणि हिंदी-इंग्रजी टंकलेखन तपासते. टंकलेखनाला मी कमी लेखत नाही. त्यावर हजारो घरे उभी राहिली आहेत. पण ज्या जिल्ह्यातून दफ्तर निघून गेले, तिथल्या तरुणांना आपण अजून दफ्तरात नोंदी भरायलाच तयार करतो आहोत. दफ्तर ज्यावर चालते ते यंत्र उभारायला आणि दुरुस्त करायला नाही. मँगनीज आणि तांब्याच्या बाबतीत भट्टी इथे आणणे जिल्ह्याच्या हाती नव्हते. तिला भांडवल लागते आणि सरकारचा निर्णयही. इथे तसे काही लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम फुकट, आभासी यंत्राचा प्रोग्रॅम फुकट, आणि मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे हिंदीत आहेत, मराठीतही आहेत.

म्हणून बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर इथल्या अभ्यास केंद्रांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. येत्या सत्रात पीजीडीसीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून आभासी यंत्रावर एक सर्व्हर पहिल्या पडद्यापासून इन्स्टॉल करून घ्या. मग तो मुद्दाम बिघडवायला लावा आणि त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या. लागणारे संगणक तुमच्या प्रयोगशाळेत आहेत. आधी त्यांच्या बायोसमधली ती एक सोय चालू करा.